परीक्षण: जनगणनेतले व्यवसाय-वर्गीकरण, सांगली-मिरजेच्या कामांवर तपासून पाहिलेले

देशातला माणूस कोणते काम करतो, याची नोंद ठेवण्याची आपल्याकडची व्यवस्था दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली म्हणजे केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाचे ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण’. हे प्रत्येक व्यवसायाला सांकेतांक आणि वर्णन देणारे अनेक खंडांचे पुस्तक असून त्याची चालू आवृत्ती २०१५ ची आहे. दुसरी म्हणजे जनगणनेचे कामगारविषयक तक्ते, ज्यांत प्रगणकाने दारात उभे राहून लिहून घेतलेली उत्तरे आकड्यांच्या रूपाने लोकांसमोर येतात. दोन्ही गोष्टी फुकट मिळतात, इंटरनेटवरून उतरवून घेता येतात, आणि तरीही आपल्या जिल्ह्यात त्या उघडून पाहणारे फार थोडे आहेत. अर्थशास्त्र शिकवताना मी त्या वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा ठरला असल्याने, सांगली-मिरजेतली प्रत्यक्ष कामे या वर्गीकरणात नीट बसतात का, हे सविस्तर लिहिण्याची वेळ आता आली आहे असे मला वाटते.

आधी पुस्तकाविषयी. याच्या १९५८, १९६८, २००४ आणि २०१५ अशा आवृत्त्या निघाल्या. २०११ ची जनगणना झाली तेव्हा २००४ ची आवृत्ती लागू होती आणि तिच्यात २,९४५ व्यवसाय होते. २०१५ च्या आवृत्तीत ही संख्या सुमारे ३,६०० झाली आहे. सांकेतांक आठ अंकी आहे. त्यातले पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणाशी जुळवलेले आहेत आणि पुढचे चार आपल्याकडचा नेमका व्यवसाय सांगतात. पहिला अंक विभागाचा. व्यवस्थापक, उच्चशिक्षित व्यावसायिक, तंत्रज्ञ, कारकुनी कामे, सेवा व विक्री, कुशल शेती व मत्स्यव्यवसाय, कारागिरी, यंत्रचालन आणि नववी प्राथमिक स्वरूपाची अंगमेहनतीची कामे, अशी ही उतरंड आहे.

ही रचना कागदावर रुक्ष वाटते, पण मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत ती लावून पाहिली की तिची ताकद कळते. शिकलगारीचा, म्हणजे शस्त्रांना धार लावण्याचा धंदा करणाऱ्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवायला घेतली आणि ते काम आजही तिथे चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा वाळवून, कापून, आतून साफ करायचा, त्यावर तुनाच्या लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या घालायच्या, आणि सगळे झाल्यावर जवारी काढायची, म्हणजे तारेचा नाद नीट उमटावा म्हणून ती जिच्यावर टेकते ती घोडी घासून जुळवायची. जवारीचे काम करणारा कारागीर घोडीवर कानस एकदाच अलगद फिरवतो, तार छेडतो, कान देऊन ऐकतो, पुन्हा किंचित घासतो. हे काम सुताराचे म्हणावे की गवयाचे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा. वर्गीकरणाने मात्र तो नीट सोडवला आहे. सात म्हणजे कारागीर, त्र्याहत्तर म्हणजे हस्तकला व मुद्रण, सातशे एकतीस म्हणजे हस्तकलाकार, आणि ७३१२ म्हणजे वाद्ये बनवणारे व वाद्ये जुळवणारे. बनवणे आणि जुळवणे या दोन्ही गोष्टी एकाच गटात ठेवण्यामागे विचार आहे. दांडी तासणारा आणि जवारी लावणारा हे दोघेही या सांकेतांकाखाली सन्मानाने येतात, त्यांना सुतारकामात ढकललेले नाही. एवढ्या लहान धंद्याला स्वतंत्र चार अंकी घर मिळणे ही या पुस्तकाची मला सर्वांत आवडलेली बाब आहे.

पण हा सांकेतांक त्या कारागिराला कधी मिळेल? प्रगणकाच्या अनुसूचीत, म्हणजे त्याच्या प्रश्नपत्रकात, ‘वाद्ये बनवण्याचे काम, सतार व तानपुरा’ असे लिहिले गेले तरच. ‘दुकान’ असे लिहिले गेले तर तो पाचव्या विभागात, विक्रेत्यांमध्ये जाईल. ‘सुतारकाम’ लिहिले तर सातव्यातच राहील, पण ७३१२ मधून कायमचा निसटेल. सांकेतांक देणारा माणूस मिरजेत आलेला नसतो. त्याच्यासमोर असतात ते फक्त अनुसूचीतले दोन-तीन शब्द. म्हणून या व्यवस्थेची सारी गुणवत्ता त्या दोन-तीन शब्दांत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तक कितीही बारीक असले तरी ओट्यावर बसून लिहिलेली ओळ ढोबळ असेल, तर ३,६०० व्यवसायांपैकी बहुतेकांचा काहीही उपयोग होत नाही.

मिरजेतल्या दवाखान्यांचे उदाहरण घेतले की हे आणखी स्पष्ट होते. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून मिरज हे वैद्यकीय गाव आहे आणि तिथे कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ‘आमचा मुलगा हॉस्पिटलमध्ये आहे’ किंवा ‘सूनबाई दवाखान्यात कामाला जाते’ एवढ्या उत्तरावर घरातल्यांचे समाधान होते आणि पुष्कळदा प्रगणकाचेही. आता त्याच एका इमारतीत काय काय आहे ते पाहा. प्रशासन सांभाळणारा पहिल्या विभागात, डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका दुसऱ्या, रक्त-लघवी तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ तिसऱ्या, स्वागतकक्षात केसपेपर काढणारी मुलगी चौथ्या, रुग्णाची शुश्रूषा करणारी आया पाचव्या, विजेची दुरुस्ती करणारा वायरमन सातव्या, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आठव्या आणि फरशी पुसणाऱ्या मावशी नवव्या विभागात येतात. शेतीचा सहावा विभाग सोडला तर सगळे विभाग त्या एका उत्तरात दडलेले आहेत. ‘दवाखान्यात’ या शब्दाने त्यातले काहीच कळत नाही.

इथे जनगणनेच्या अनुसूचीचे एक चांगले वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. तिच्यात व्यक्तीचा व्यवसाय आणि ती ज्या उद्योगात काम करते त्याचे स्वरूप, असे दोन वेगळे रकाने असतात. साखर कारखान्यात गाडी चालवणाऱ्या माणसाचा व्यवसाय ड्रायव्हरचा आणि उद्योग साखर उत्पादनाचा. उद्योगांसाठी वेगळे ‘राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण’ आहे. त्याशिवाय तो मालक आहे, नोकर आहे, एकटाच धंदा करणारा आहे की घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय राबणारा आहे, हाही स्वतंत्र प्रश्न असतो. हे तिन्ही रकाने नीट भरले गेले तर माणसाचे काम तीन बाजूंनी उभे राहते. अडचण अशी की आपल्या बोलण्यात उद्योगाचे नाव आधी येते आणि कामाचे नाव येतच नाही. ‘कुपवाडला एमआयडीसीत आहे’, ‘कारखान्यात आहे’, ‘मार्केट यार्डात असतो’ ही सगळी उत्तरे दुसऱ्या रकान्याची आहेत, पण ती पहिल्या रकान्यात जाऊन बसतात.

आता तक्त्यांकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. जनगणनेतले कामगार चार गटांत मांडले जातात: शेतकरी, शेतमजूर, कौटुंबिक उद्योगातील कामगार आणि इतर कामगार. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम केले असेल तर मुख्य कामगार, त्याहून कमी केले असेल तर सीमांतिक कामगार. २०११ मध्ये सीमांतिकांचेही तीन ते सहा महिने आणि तीन महिन्यांपेक्षा कमी असे दोन भाग केले गेले. ‘जिल्हा जनगणना पुस्तिके’च्या दुसऱ्या भागात प्रत्येक गावाचे आणि शहराचे हे आकडे स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रकान्यांत मिळतात. तासगाव, जत, शिराळा, कुठलेही गाव काढा, त्यातले शेतकरी किती आणि शेतमजूर किती, हे तुम्हाला पाच मिनिटांत सापडते. ही सेवा मोलाची आहे आणि तिच्याबद्दल मी नेहमीच कृतज्ञ राहीन.

चार गटांची ही मांडणी मोठी हालचाल चांगली पकडते. देशात २००१ मध्ये १२.७३ कोटी शेतकरी आणि १०.६८ कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटींवर आले आणि शेतमजूर १४.४३ कोटींवर गेले. दहा वर्षांत एवढी मोठी उलटापालट झाली, हे कळायला याहून बारीक वर्गीकरणाची गरज नव्हती. पण त्याच वर्षी देशातल्या सुमारे ४८ कोटी कामगारांपैकी २० कोटी ‘इतर कामगार’ या एका खणात होते. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये २८,२२,१४३ होती. इथला डॉक्टर, शिक्षक, मार्केट यार्डातला हमाल, हळदीचा अडत्या, विट्याचा यंत्रमाग कामगार, एसटीचा कंडक्टर, हॉटेलातला आचारी हे सगळे गावपातळीच्या तक्त्यात त्या एकाच खणात आहेत. व्यवसायनिहाय बारीक तक्ते गावापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे पुस्तकात बारकावा आहे, तो गोळा करण्याची तरतूदही अनुसूचीत आहे, पण गावच्या वाचकाच्या हाती येतो तो ढोबळ आकडा.

तिसरा गट, कौटुंबिक उद्योगाचा, हा तर वापरणाऱ्याला चकवणारा आहे. व्याख्या अशी: खेड्यात हा उद्योग घरी किंवा गावाच्या हद्दीत कुठेही चाललेला असला तरी तो कौटुंबिक उद्योग धरला जातो, शहरात मात्र तो कुटुंब राहते त्या घराच्या आवारातच चालला पाहिजे. काम करणाऱ्यांत घरच्या माणसांचा वाटा मोठा असावा आणि त्याचे प्रमाण नोंदणीकृत कारखान्याएवढे नसावे, याही अटी आहेत. आता पुन्हा मिरजेच्या कारागिराकडे या. राहत्या घराच्या सोप्यात बसून तो तानपुरा करत असेल तर कौटुंबिक उद्योगात. त्याच गल्लीत भाड्याचा गाळा घेऊन तेच काम करत असेल तर इतर कामगारांत. त्याचा भाऊ शेजारच्या खेड्यात राहून, घरापासून दूर पण गावातच अशा शेडमध्ये भोपळे साफ करत असेल तर तो पुन्हा कौटुंबिक उद्योगात. हात तोच, कसब तेच, आणि जागेमुळे गट बदलतो. त्यामुळे एखाद्या शहरातले कौटुंबिक उद्योगाचे आकडे कमी झालेले दिसले तर कारागिरी संपली असा अर्थ कुणी लगेच काढू नये. ती गाळ्यात गेलेली असू शकते. याच व्याख्येतून वकील, डॉक्टर, वादक, ज्योतिषी, धोबी, न्हावी यांची कामे वगळली आहेत, ती घरातूनच चालत असली तरी. तानपुरा घरी बनवणारा कौटुंबिक उद्योगात येतो, तोच तानपुरा घेऊन घरी शिकवणी घेणारा येत नाही. या नियमामागचे कारण समजण्यासारखे आहे, कारण हा गट उत्पादन, प्रक्रिया आणि दुरुस्तीच्या कामांसाठी आहे. पण तक्ता वाचणाऱ्याला ही व्याख्या आकड्याच्या शेजारीच दिसायला हवी.

शेतमजुराची व्याख्याही सांगली जिल्ह्यात फार जपून वापरावी लागते. दुसऱ्याच्या जमिनीवर पैसे, धान्य किंवा वाटा घेऊन काम करणारा तो शेतमजूर. तासगाव, कवठेमहांकाळ भागात बेदाण्याच्या हंगामात शेडवर शेकडो बायका प्रतवारीला बसतात. पुढ्यात बेदाण्याचा ढीग, बाजूला क्रेट, आणि हाताची बोटे एका लयीत हिरवा, पिवळा, काळा, काडीचा असा माल वेगळा करत असतात. त्या रोजंदारीवर असतात, बहुतेकींना त्यांच्या गावात शेतमजूर म्हणूनच ओळखतात, आणि वर्षातल्या इतर महिन्यांत त्या खरोखर शेतातच जातात. पण शेडवरचे काम हे जमिनीवरचे काम नाही. ते फळप्रक्रिया आणि प्रतवारीचे काम आहे, आणि वर्गीकरणात फळे टिकवणाऱ्यांना व अन्नपदार्थांची प्रतवारी करणाऱ्यांना सातव्या विभागात स्वतंत्र जागा आहे. नववा विभाग अंगमेहनतीचा आणि सातवा कारागिरीचा. प्रगणकाने ‘मजुरी’ असे लिहिले की त्या बाईचे कसब दोन पायऱ्या खाली उतरले. ज्या जिल्ह्याच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिथे हा माल हाताखालून घालणाऱ्यांची नोंद ‘मजुरी’ एवढ्यावर थांबावी, हे मला अतिशय लागते.

कौशल्याची पातळी ठरवण्याची पद्धतही मला पटत नाही. २००४ च्या आवृत्तीत ही पातळी मुख्यतः शालेय शिक्षणाच्या वर्षांवर मोजली होती: दहा वर्षांपर्यंत पहिली, अकरा ते तेरा वर्षे दुसरी, चौदा ते पंधरा वर्षे तिसरी आणि त्यापुढे चौथी. अनौपचारिकपणे मिळवलेल्या कौशल्याला त्यात जागा आहे हे खरे, पण चौथ्या विभागापासून आठव्यापर्यंतची सगळी कामे दुसऱ्या पातळीवर ठेवल्यामुळे वडिलांच्या हाताखाली उमेदीची वर्षे घालवून जवारी शिकलेला माणूस आणि काही आठवड्यांच्या सरावाने यंत्रावर उभा राहणारा माणूस एकाच पायरीवर येतात. २०१५ च्या आवृत्तीने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी सांगड घातली, ही सुधारणा आहे. परंतु तिचा फायदा प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमांना अधिक आणि घराण्यातून आलेल्या कारागिरीला कमी झाला आहे.

ऊसतोडीच्या बाबतीत मात्र जनगणनेची बाजू मी ठामपणे घेईन. गाळप हंगामात बीडकडून आणि इतर भागांतून आलेली जोडपी कारखान्याच्या परिसरात खोप्या घालून राहतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. उचल त्या कोयत्यावर दिली जाते आणि तोडीचा दरही त्याच्यावर लागतो. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवते, पण त्या वहीत तिला स्वतःचा आकडा नाही. जनगणनेच्या अनुसूचीत आहे. तिथे प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र ओळ, तिचा स्वतंत्र व्यवसाय, तिने वर्षात किती महिने काम केले याचा स्वतंत्र प्रश्न. तोडीचे महिने आणि गावाकडे परतल्यावर केलेल्या मजुरीचे महिने एकत्र धरले की ती मुख्य कामगार ठरते. शिवाय २०११ च्या पद्धतीनुसार गणनेच्या पूर्ण काळात, म्हणजे ९ ते २८ फेब्रुवारी, जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी नव्हता त्याची नोंद तो सापडला तिथे झाली. त्यामुळे फेब्रुवारीतल्या ऊसतोड मजुरांची मोजणी सांगलीत होते, बीडमध्ये नाही. याच नियमाने खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, जे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत, ते आपल्या तक्त्यात दिसत नाहीत. जिल्ह्याचा आकडा वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

स्त्रियांच्या कामाचा प्रश्न या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत जुना आणि सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. १९६१ च्या जनगणनेत कामाची व्याख्या बरीच उदार होती. १९७१ मध्ये ‘मुख्य उद्योग कोणता’ असा प्रश्न आधी विचारला गेला, घरकाम हे उत्तर आले, आणि देशातल्या कामकरी स्त्रियांची नोंदलेली संख्या जवळजवळ निम्म्यावर घसरली. स्त्रियांनी काम सोडलेले नव्हते, प्रश्नाची मांडणी बदलली होती. १९८१ पासून मुख्य, सीमांतिक आणि काम न करणारे असे तीन भाग झाले आणि परिस्थिती काहीशी सावरली. २००१ पासून तर केवळ घरच्या वापरासाठी केलेले दुधाचे उत्पादनही काम धरले जाऊ लागले.

पण नियम एवढा स्पष्ट असूनही वाळवा-पलूस भागातल्या दारात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. प्रगणक विचारतो, “वहिनी, तुम्ही काय काम करता?” आतून उत्तर येते, “मी कुठं काय करते, घरीच असते.” हे उत्तर देणाऱ्या बाईने त्या दिवशी पहाटे दोन म्हशींच्या धारा काढलेल्या असतात, शेण काढलेले असते, वैरण टाकलेली असते आणि संकलन केंद्रावर दूध घालून आलेली असते. डेअरीच्या पासबुकावर नाव बहुधा नवऱ्याचे असते. प्रगणकाने तिथेच आणखी एक प्रश्न विचारला, “जनावरांचं कोण बघतं? धार कोण काढतं?” तर ती बाई ‘काम न करणारी’ या रकान्यातून उठून पशुपालकांच्या गटात, सहाव्या विभागात जाऊन बसते. पुस्तक तिला कुशल शेतीकामगार म्हणायला तयार आहे. एका जादा प्रश्नाला लागतो तो अर्धा मिनिट, आणि तो अर्धा मिनिट प्रगणकाला परवडेल अशा रीतीने त्याच्यावरचा बोजा ठरवला पाहिजे. पाठीवर शाळा, परीक्षा आणि निवडणुकीची कामे आधीच घेऊन फिरणाऱ्या शिक्षकाकडून ही चिकाटी फुकटात मागणे अन्यायाचे आहे.

व्यापाऱ्यांच्या मनातली एक शंकाही नोंदींच्या गुणवत्तेवर परिणाम करते. मार्केट यार्डातले काही जण आपले काम सांगताना हात आखडता घेतात, कारण ही माहिती कराच्या कार्यालयात जाईल असे त्यांना वाटते. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी कुणालाही पाहायला मिळत नाहीत आणि त्या पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. अडत्याने अडत्या म्हणून, तोलाईदाराने तोलाईदार म्हणून मोकळेपणाने सांगावे.

जुन्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांसाठी एक सूचना. १९५१ च्या जनगणनेत हा जिल्हा दक्षिण सातारा या नावाने सापडेल, कारण १९४९ मध्ये तो वेगळा झाला आणि सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्या वर्षीचे वर्गीकरण स्वावलंबी, कमावते अवलंबी आणि न कमावते अवलंबी अशा वेगळ्याच पायावर होते; ते २०११ च्या आकड्यांशेजारी सरळ ठेवता येत नाही. व्यवसायांच्या बाबतीत मात्र सोय आहे. २०१५ च्या पुस्तकात जुन्या २००४ च्या सांकेतांकाशी जुळणी दिलेली असल्यामुळे अभ्यासकाचा पुष्कळ वेळ वाचतो.

गुण द्यायचे झाले तर वर्गीकरणाच्या पुस्तकाला मी पाचपैकी चार देईन आणि जनगणनेच्या तक्त्यांना तीन. पुस्तकाचा एक गुण कापला तो कौशल्यपातळीच्या मोजणीसाठी आणि वापरातल्या अडचणीसाठी: मी वापरतो ती प्रत इंग्रजीत आहे, वर्णने सविस्तर असली तरी जवारी, तोलाई, गलाई, बेदाणा प्रतवारी अशा नावांनी शोध घेतला तर हाती काही लागत नाही. तक्त्यांचे दोन गुण कापले ते ‘इतर कामगार’ या खणासाठी. संशोधक, पत्रकार, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करणारे सदस्य आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी यांनी दोन्ही गोष्टी जरूर वापराव्यात. आधी व्याख्या वाचाव्यात, मग आकडे.

येत्या जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, ती मोबाइल ॲपवर होणार आहे आणि स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही असणार आहे. स्वतः भरणाऱ्यांनी ‘नोकरी’, ‘धंदा’, ‘प्रायव्हेट’, ‘मजुरी’ हे चार शब्द टाळावेत. हाताने प्रत्यक्ष काय करता ते लिहावे, आणि कुठे करता ते पुढच्या रकान्यात लिहावे: ‘हळद पॉलिश करण्याच्या यंत्रावर काम’ आणि मग ‘हळद प्रक्रिया’, ‘बेदाण्याची प्रतवारी’ आणि मग ‘बेदाणा शेड’, ‘मोटारसायकलवरून घरपोच माल पोचवणे’ आणि मग ज्यांचा माल पोचवता त्यांचा धंदा. घरातल्या बायकांचे उत्तर त्यांनाच देऊ द्यावे, आणि जनावरांचे काम विसरू नये. प्रगणकांच्या प्रशिक्षणात प्रत्येक तालुक्यातल्या खास कामांची मराठी यादी आणि त्यांचे चार अंकी सांकेतांक छापून दिले तर मिरजेच्या प्रगणकाला सतारमेकर आणि तासगावच्या प्रगणकाला बेदाणा शेड नव्याने शोधावे लागणार नाही; ही यादी करायला इथली महाविद्यालये आनंदाने पुढे येतील. आणि माहिती गोळा झाल्यावर निदान मोठ्या गावांसाठी तरी ‘इतर कामगार’ हा खण फोडून नऊ विभागांचे नऊ आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत छापावेत, एवढी मागणी मी या परीक्षणातून करतो.